अधिकरणातील आई : चुकीची दोषसिद्धी आणि शोकाची साक्ष

मराठी समीक्षेत ‘साक्ष’ हा शब्द गेल्या अर्धशतकात प्रशंसावाचक झाला आहे. आत्मकथन साक्ष देते, कविता आपल्या काळाची साक्षी असते, कादंबरीकार साक्षीभावाने लिहितो, असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्द ज्या संस्थेतून आपण उचलला, त्या न्यायसंस्थेत साक्ष प्रत्यक्षात कशी घडते, कोण ती नोंदवून घेते, तिच्यातला कोणता भाग दप्तरात जातो आणि कोणता दप्तराबाहेर राहतो, याची विचारपूस मात्र आपण फारशी केलेली नाही. साक्ष म्हणजे अनुभवाचा थेट उच्चार, हे गृहीतक त्यामुळे आपल्या परिभाषेत तपासणीविना टिकून राहिले आहे.

या गृहीतकाची सर्वांत कठीण परीक्षा चुकीच्या दोषसिद्धीच्या प्रसंगी होते, आणि त्यातही जिथे मुख्य साक्षीदार स्वतः शोकग्रस्त असतो तिथे. चुकीच्या दोषसिद्धीची चर्चा साधारणतः निरपराध कैद्यापाशी सुरू होते आणि त्याच्या सुटकेपाशी संपते. त्यात वावगे काही नाही. ज्याची वर्षे गेली त्याचा हक्क पहिला. पण ज्या घरात खून झाला, त्या घरात या सुटकेने काय घडते? सोळा वर्षे ज्यांना ‘मारेकरी’ म्हणून ओळखले ते मारेकरी नव्हते, हे कळल्यावर शोकाचे काय होते? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे तसाच कथनशास्त्राचाही आहे. सुटका हा शेवट आपण वाचक या नात्याने मान्य करतो आणि पुस्तक मिटतो. तो शेवट नेमका कोणाचा, हे विचारत नाही.

ज्या खटल्याच्या आधाराने हा विचार मांडायचा आहे, त्याची हकिगत थोडक्यात अशी. जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतील एका झोपडीवर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, त्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. घरातील आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पुढे जालना जिल्ह्यातील, भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी म्हणून उभे करण्यात आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तिघांची शिक्षाही पुन्हा फाशीपर्यंत वाढवली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी काही चुकीच्या फाशीच्या शिक्षांबाबत राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. त्यांचा आक्षेप ज्या निकालांवर होता, त्यांत हा एक होता. अर्थात तो आक्षेप शिक्षेपुरता होता, दोषसिद्धीबद्दल नव्हता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही तोवर सिद्ध झालेले होते.

आता या दोन निकालांकडे संहिता म्हणून पाहावे. २००९ च्या संहितेचा कणा आईची आणि मुलाची साक्ष हा आहे. दोघांनी आरोपींना ओळखले. दोघे स्वतः जखमी होते. त्यांना खोटे बोलण्याचे कारण नव्हते. या तीन विधानांच्या आधारे निश्चिती उभी राहते आणि त्या निश्चितीवर कृत्याच्या क्रौर्याचे वर्णन चढत जाते. वाचताना लक्षात येते की क्रौर्य जितके गडद होते तितकी ओळखीबद्दलची शंका फिकी पडते. वस्तुतः या दोन गोष्टींचा परस्परांशी तार्किक संबंध नाही. कृत्य किती भीषण होते यावरून ते कोणी केले हे ठरत नाही. पण कथनात असा संबंध तयार होतो, कारण शोकाला कर्ता हवा असतो आणि निवेदक तो पुरवतो.

२०१९ च्या संहितेत हीच आई पुन्हा येते, पण वेगळी. घटनेनंतर दोनच दिवसांनी, विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, पोलिसांजवळच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून तिने चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही आणि अभियोगपक्षाने ही ओळख न्यायालयापुढे नीट येऊ दिली नाही. म्हणजे या स्त्रीच्या दोन साक्षी होत्या. पहिली, जखमा ओल्या असताना दिलेली, बाजूला ठेवली गेली. दुसरी, नंतरच्या ओळख परेडीतली, तेवढीच तिची साक्ष म्हणून सहा जणांच्या गळ्याशी आली. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. संपादन झाले ते तिच्या दोन उच्चारांच्या मधल्या अवकाशात, आणि त्याचा कर्ता तपासयंत्रणा हा होता. ‘साक्ष’ या शब्दाखाली आपण जो एकसंध आवाज ऐकतो, तो बहुतेक वेळा असा दुसऱ्या कोणी निवडलेला आवाज असतो.

रणजित गुहा यांनी ‘चंद्राज् डेथ’ या १९८७ च्या निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील बंगालमधल्या एका स्त्रीच्या मृत्यूविषयीचे जबाब वाचले आहेत. आई आणि बहीण यांचे दुःख, त्यांचा नाइलाज, त्यांची आपापसातली मदत हे सारे ‘एकरार’ या कायदेशीर साच्यात ओतले गेले की त्याचा फक्त ‘गुन्हा’ उरतो, हे त्यांचे प्रतिपादन मराठी अभ्यासकांना परिचित आहे. त्यांच्यापुढे मृत्यूची एकच नोंद होती आणि तिच्या आत दडलेला आवाज त्यांना ऐकायचा होता. नाशिकच्या खटल्यात एकाच आवाजाच्या दोन नोंदी होत्या आणि एक लपवली गेली. म्हणून इथे नुसत्या सहृदय वाचनाने भागत नाही. संहितेला दुसरी आवृत्ती आहे का, हा पाठचिकित्सेचा जुना, काहीसा रुक्ष प्रश्न विचारावा लागतो.

या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत धीट मांडणी आपल्या परंपरेत शूद्रकाने केलेली आहे. ‘मृच्छकटिक’ मराठी रसिकांच्या मनात आहे ते गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे, आणि साहजिकच त्यातील पदांमुळे. चारुदत्ताची दानशूरता, वसंतसेनेचे प्रेम, शकाराचे विनोदी आणि भयंकर बोलणे यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. नवव्या अंकाला, म्हणजे मूळ संस्कृत नाटकातील अधिकरणाच्या अंकाला, चुकीच्या दोषसिद्धीची संहिता म्हणून मात्र क्वचितच वाचले गेले आहे.

शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजतो, आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालण्यासाठी स्वतःच अधिकरणात जातो. न्यायाधिकारी वसंतसेनेच्या वृद्ध आईला बोलावतात. मुलगी कुठे गेली, असे विचारल्यावर ती आधी संकोचते. प्रश्न व्यवहाराचा आहे, म्हणजे दाव्याचा आहे, असे सांगून तिचा संकोच मोडला जातो, आणि ती चारुदत्ताचे नाव घेते. ते नाव ती प्रेमाने घेते. आपली मुलगी चांगल्या ठिकाणी गेली आहे, एवढेच तिला सांगायचे असते. शकार त्या क्षणी ओरडतो की ही अक्षरे लिहून घ्या, माझा वाद चारुदत्ताशीच आहे. आईच्या मायेचे वाक्य अशा रीतीने अभियोगाचे वाक्य होते. शब्द तेच राहतात आणि ते लिहून घेणाऱ्याचा हेतू त्यांचा अर्थ ठरवतो. न्यायाधिकारी सज्जन आहे, त्याला चारुदत्ताबद्दल आदर आहे, तरी हे घडते.

पुढे मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात आणि पुरावा पूर्ण झाल्यासारखा वाटतो. आईला दागिने दाखवले जातात. ती म्हणते, सारखे आहेत, पण ते नव्हेत. यानंतर ती जे बोलते ते संस्कृत नाटकातील अत्यंत विलक्षण भाषणांपैकी एक आहे. तिच्या म्हणण्याचा आशय असा की माझी मुलगी मारली गेली असेल तर गेली, पण हा जगू दे. शिवाय दावा वादी आणि प्रतिवादी यांच्यातला असतो, खरी वादी मी आहे, म्हणून याला सोडा. एकुलत्या मुलीच्या मृत्यूची बातमी नुकतीच ऐकलेली स्त्री भर अधिकरणात अधिकारितेचा मुद्दा मांडते. शोक माझा आहे, तेव्हा त्याच्या नावाने कोणाला मारायचे हे तुम्ही ठरवू नका, असा त्याचा अर्थ. शकार तिला शिवी देऊन हाकलतो आणि ती रडत निघून जाते. तिच्या युक्तिवादाला कोणीही उत्तर देत नाही. आधुनिक फौजदारी कायद्यात तर फिर्याद राज्याची असते. तिथे या आईचे म्हणणे सुरुवातीलाच बाद ठरले असते. शूद्रकाने निदान तिला ते बोलू दिले.

निकालही पाहण्यासारखा आहे. न्यायाधिकारी मनूचा आधार घेऊन सांगतो की ब्राह्मणाला वध नाही, त्याला संपत्तीसह देशाबाहेर पाठवावे. राजा पालक ही शिफारस धुडकावतो आणि सुळाची शिक्षा फर्मावतो. खालच्या न्यायाची सौम्य शिक्षा वरची सत्ता वाढवते. २००९ शी याचे साम्य ओढूनताणून दाखवण्याची गरज नाही, आणि भेदही लपवू नये. चारुदत्ताला ब्राह्मण्याचे, कीर्तीचे, नगरवासीयांच्या प्रेमाचे कवच होते. न्यायाधिकाऱ्याला त्याच्यावरचा आरोप ऐकूनच अविश्वास वाटतो. नाशिकच्या खटल्यातल्या सहा जणांजवळ यांतले काहीही नव्हते. त्यांच्याबाबत व्यवस्थेचा पहिला प्रतिसाद अविश्वासाचा असलाच, तर तो त्यांच्यावरचा होता.

आता त्या मृतदेहाकडे येऊ. चारुदत्तावरील आरोप पक्का होतो तो वीरकाच्या पाहणीने. तो उद्यानात जाऊन येतो आणि सांगतो की तिथे एका स्त्रीचे प्रेत श्वापदे खात होती. केस, हात, पाय यांच्या अवशेषांवरून ते स्त्रीचे आहे हे कळले. प्रेक्षकाला माहीत असते की वसंतसेना जिवंत आहे. बौद्ध भिक्षूने तिला वाचवले आहे. मग हे प्रेत कोणाचे? माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा मला आठव्या अंकात मागे जाऊन दाखवावे लागले की शूद्रकाने त्याचे उत्तर पेरून ठेवले आहे. विट परत येताना सहज सांगतो की वाटेत एक झाड कोसळले आणि त्याखाली एक स्त्री मेली. एवढेच. तिला नाव नाही, घर नाही. तिच्यासाठी अधिकरणात कोणी येत नाही. दहाव्या अंकात वसंतसेना वधस्थळी पोहोचते, चारुदत्त सुटतो, राज्य बदलते, शकारालासुद्धा क्षमा मिळते. आणि झाडाखालच्या स्त्रीची आठवण कोणालाही होत नाही. तिचे शरीर पुरावा म्हणून वापरले गेले, पुरावा खोटा ठरला, आणि पुराव्याबरोबर तीही रद्द झाली.

सुखान्त इतका भरगच्च आहे की ही गळती जाणवत नाही, आणि रचनेच्या दृष्टीने तो शूद्रकाचा विजयच म्हटला पाहिजे. पण चुकीच्या दोषसिद्धीचे कथन निर्दोष सुटकेवर संपते तेव्हा नेमके काय वगळले जाते, हे या एका स्त्रीवरून कळते. नाटकात मेलेली म्हणून जिचा दावा चालला ती परत येते, त्यामुळे शोकग्रस्त कुटुंबच उरत नाही. आईला मुलगी मिळते. वास्तवात ही सोय नसते. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलगाड्यांमधल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. बारांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. राज्याने या निकालाला लगेच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले; त्या न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही, मात्र हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले. एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या घरांना जी जागा मिळाली, ती झाडाखालच्या स्त्रीच्या जागेहून फार वेगळी नाही.

अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सोळाव्या प्रकरणात ओळखीचे, म्हणजे अभिज्ञानाचे, प्रकार सांगितले आहेत. खुणांवरून, व्रणांवरून, अलंकारांवरून पटणारी ओळख त्याला सर्वांत कमी कलात्मक वाटते. घटनाक्रमातून आपोआप उलगडणारी ओळख श्रेष्ठ. मध्येच तो अशाही एका प्रकाराचा उल्लेख करतो, ज्यात चुकीच्या अनुमानातून ओळख घडते. टीकाकारांना हा प्रकार अडचणीचा वाटत आला आहे. मला तो न्यायालयाच्या संदर्भात सर्वांत उपयुक्त वाटतो. काव्यशास्त्रात ओळख ही अज्ञानाकडून ज्ञानाकडे नेणारी क्रिया आहे. ‘शाकुंतला’तील अंगठी हरवते आणि सापडते, तेव्हा जगाची घडी पुन्हा बसते. ओळख परेडीत शब्द तोच, पण क्रिया उलटी होऊ शकते. माणसे आधी निवडलेली असतात, रांग आधी लावलेली असते, आणि शोकग्रस्त व्यक्तीकडून फक्त बोट दाखवण्याची अपेक्षा असते. ज्ञान जणू तिच्याकडून आले असे दिसते. खरे तर ते तिच्या हातून वदवून घेतलेले असते.

वदवून घेणे आणि लिहून घेणे यांतील अंतर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने जितके नेमके दाखवले, तितके अलीकडच्या मराठी नाटकात किंवा कथेत मला आढळलेले नाही. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू ही आत्महत्या होती आणि ती शाहिराच्या गाण्यामुळे झाली, असा तेथील अभियोग आहे. विधवा साक्षीला येते. ती सांगते ते कामाविषयी: नवऱ्याचा एक डोळा वायूने कसा गेला होता, आत उतरण्याआधी झुरळ बाहेर येते का हे तो कसा पाहत असे, साधने नव्हती, दारू का प्यावी लागे. तिच्या बोलण्यात शाहिराविरुद्ध काहीच नाही. न्यायाधीश तिचे बोलणे ऐकून टंकलेखकाला इंग्रजीत सारांश सांगतात, आणि दिग्दर्शक आपल्याला दोन्ही ऐकवतो, मूळ आणि नोंद. तिच्या शोकात जी कारणमीमांसा आहे, ती नोंदीत तांत्रिक माहिती होऊन जाते. वसंतसेनेच्या आईप्रमाणेच ही स्त्रीही आपल्या नावाने चाललेल्या खटल्यात परकी आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये न्यायालयाचा विधी किती सहज हिंसेचे साधन होतो हे दिसते. पण तिथे मृताचे कुटुंब हे पात्रच नाही, म्हणून प्रस्तुत विवेचनात त्या श्रेष्ठ नाटकाकडे मी वळत नाही.

नाशिकच्या खटल्यातील सहा आरोपींच्या बाजूचे वाङ्मय मात्र मराठीत आहे, आणि ते विपुल आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच संशयित केले आणि १९५२ मध्ये तो रद्द झाल्यावरही सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी ज्यांच्यावरचा संशय जिवंत ठेवला, त्यांच्या घरांतून ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७), ‘बेरड’ (१९८७) ही आत्मकथने आली. लक्ष्मण गायकवाडांच्या पुस्तकात पोलीस घरात येणे हा ऋतुमानासारखा नित्याचा भाग आहे. मराठी समीक्षेने या पुस्तकांना ‘दस्तऐवज’ म्हटले, आणि तसे म्हणताना बरेचदा कलाकृती म्हणून त्यांची दखल घेण्याचे टाळले. माझा आक्षेप वेगळ्या बाजूने आहे. दस्तऐवज म्हणूनही आपण ती गांभीर्याने वाचली नाहीत. दस्तऐवज वाचायचा म्हणजे दुसऱ्या दस्तऐवजांशी ताडून वाचायचा. ज्या प्रकारच्या घटनेचे वर्णन आत्मकथनात आहे, तिचा पंचनामा, तिची ओळख परेड, तिचा निकाल यांच्याशेजारी ते ठेवायचे. २०१९ चा निकाल नोंदवतो की हे सहा जण भटक्या जमातीतले, तळच्या थरातले, अत्यंत गरीब मजूर होते आणि त्यांना खोटेपणाने गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाला जे २०१९ मध्ये लिहावेसे वाटले, ते १९८७ पासून मराठी पुस्तकांच्या पानांवर होते. ती पाने अभ्यासक्रमात होती. ती खटल्याच्या कागदांशी ताडून कोणी पाहिली नाहीत.

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यावर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तोच रस्ता चिकलठाण्यावरून, विमानतळ आणि औद्योगिक वसाहत मागे टाकून, या सहा जणांच्या जिल्ह्याकडे जातो. नाशिक या खंडपीठाच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्यांचे अपील मुंबईला चालले. त्यांच्या माणसांना हा रस्ता धरून कितीतरी दूर जावे लागले असणार. निकालात त्यांच्या कुटुंबीयांनीही सोसले असे एक लहान वाक्य आहे. इतक्या मोठ्या संहितेत ते जवळजवळ दिसत नाही. चिकलठाण्याच्या बाजूने आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांत पालावरच्या घरांतली मुले असतात, आणि ‘उचल्या’ शिकवताना ‘तेव्हा असे होते’ असा भूतकाळ वापरला की ती एकमेकांकडे पाहतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शोकग्रस्तांची बाजू आणि आरोपींची बाजू अशी जी विभागणी आपण सवयीने करतो, ती या खटल्यात वर्गदृष्ट्याही टिकत नाही. पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणारे कुटुंब आणि मजुरीसाठी फिरणारे सहा जण, दोघेही दुसऱ्याच्या जमिनीवर उघड्यावर जगणारे. एकाच्या दाराला कडी नव्हती आणि दुसऱ्याला दारच नव्हते. व्यवस्थेने एकाच्या शोकाने दुसऱ्याला शिक्षा केली, आणि दोघांनाही खऱ्या गुन्हेगारापासून सारखेच दूर ठेवले. म्हणून निरपराधांच्या सुटकेचा आनंद आणि मृतांच्या घराची उपेक्षा यांतून एकाची निवड करायला लावणारी प्रत्येक मांडणी मला संशयास्पद वाटते, मग ती वृत्तपत्री असो की वाङ्मयीन.

२०१९ च्या निकालाचे एक वैशिष्ट्य त्यामुळे लक्षणीय ठरते. तो सुटकेवर थांबत नाही. आईने पहिल्यांदा ओळखलेल्या त्या चौघांच्या दिशेने पुढील तपास करावा आणि ज्या अधिकाऱ्यांच्या चुकीमुळे हे घडले त्यांच्यावर कारवाई करावी, असे आदेश त्यात आहेत. कथनाच्या भाषेत सांगायचे तर दहावा अंक संपल्यावर कोणीतरी उठून वीरकाला पुन्हा उद्यानात पाठवले आहे. सोळा वर्षांनी तिथे काय सापडणार, हा प्रश्न उरतोच. पण आईचा पहिला शब्द, जो २००३ मध्ये लिहून घेऊन बाजूला ठेवला होता, तो निदान निकालाच्या संहितेत आला आहे, आणि यापुढे हा खटला वाचणाऱ्याला तिच्या दोन्ही साक्षी एकत्रच वाचाव्या लागतील.